दुसऱ्या पंगतीचं टेबल

जेवणाची वेळ कोणती धरू, असं बुकिंगवाल्या मुलीनं विचारलं, आणि ग्लेनिस प्रिचर्डनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं.

"सवडीची," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत जहाजांची रंगीत पुस्तिका चाळत बसलेल्या एम्लिननं मान वर केली. "सवडीची? आपण दुसऱ्या पंगतीचे ना?"

"बदल म्हणून रे."

"बदल हवा तर पडदे बदल. जेवणाला कशाला हात लावतेस?"

मुलगी हसली, ग्लेनिसही हसली, आणि स्वान्सीच्या त्या छोट्या दुकानात दोघांची जात बदलून गेली.

जात म्हणायचं, कारण साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या या जहाजांवर माणसांच्या दोनच जाती असतात. एक ठरलेल्या वेळेची, म्हणजे पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीची. रोज तीच वेळ, तेच टेबल, तीच खुर्ची आणि समोर तीच तोंडं. तिसऱ्या संध्याकाळी एकमेकांचे गुडघे आणि सुना तोंडपाठ होतात, शेवटच्या संध्याकाळी पत्ते दिले-घेतले जातात आणि पुढं कितीतरी वर्षं नाताळला कार्डं येत राहतात. दुसरी जात सवडीची. भूक लागली की यायचं, दाराशी एक छोटी डबी घ्यायची, जागा झाली की ती हातात थरथरते, मग मिळेल त्या टेबलावर बसायचं. आज लीड्सचे दातांचे डॉक्टर, उद्या आणखी कुणी. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. ठरलेले लोक सवडीवाल्यांना खानावळीची गिऱ्हाइकं समजतात, आणि सवडीवाले ठरलेल्यांना वसतिगृहातली पोरं.

ग्लेनिस पहिल्या जातीतली, आणि तीही कट्टर. सगळा जन्म तिनं पडद्याच्या कापडाच्या काउंटरमागं काढला होता. बाई कापड कसं चिमटीत धरते यावरून ती घेणार की नुसतीच हाताळून जाणार, हे तिला कळायचं. टेबलावरही तिचं हेच चालायचं. नवऱ्याच्या नावावर दुसरं पुडिंग कोण मागवतं, वाढप्याचं नाव मुद्दाम विचारून घेऊन रोज चुकीचं कोण उच्चारतं, 'आम्ही मुलांकडून काही अपेक्षाच ठेवत नाही' असं म्हणून अख्खी संध्याकाळ मुलांवरच कोण बोलतं, सगळं तिच्या मनात टिपलेलं असायचं. पंधरवड्याच्या शेवटी तिच्याकडे प्रत्येकाचा जमाखर्च तयार असायचा. म्हणूनच तिला पक्कं ठाऊक होतं, की एकाच टेबलावर बसलेल्या माणसांपासून काही लपत नाही.

आणि लपवायचं तर होतं.

मागच्या शरद ऋतूत डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर एम्लिन गाडीपाशी थांबला होता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, बायकोला कधी गाडीच्या किल्ल्या देत नसे. त्या दिवशी त्यानं त्या तिच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही. चॅपलमध्ये नाही, शेजारी नाही, नेरिसलासुद्धा नाही. शब्द दे." नेरिस म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ग्लेनिसनं शब्द दिला. तेव्हापासून ती तो सांभाळत होती, भरलेला पेला हातात घेऊन गर्दीतून चालावं तसा.

सवडीच्या जेवणात रोज नवे कान मिळणार होते. एकच गोष्ट रोज नव्या टेबलाला सांगणाऱ्याला कुणी विसराळू म्हणत नाही. माणूस गप्पिष्ट आहे, एवढंच म्हणतात.

पहिल्या तीन संध्याकाळी हिशेब बरोबर आला. एम्लिन त्याची बर्फातल्या बसची गोष्ट सांगायचा. ब्याऐंशीचा हिवाळा, चढावर रुतलेली बस, आणि मांडीवर लग्नाचा तीनमजली केक घेऊन बसलेली बाई. पहाटेपर्यंत प्रवाशांनी तो केक वरच्या मजल्यापासून खाली संपवत नेला. अनोळखी माणसं पोट धरून हसायची. "किती गोड आहेत हो तुमचे मिस्टर!" बायका म्हणायच्या. ग्लेनिस हसायच्या जागी हसायची आणि मनात एक दिवस जमेला लावायची.

चौथ्या संध्याकाळी त्यानं सूप पिताना गोष्ट सांगितली. मासे आले आणि त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

लीड्सच्या डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माशाकडे पाहिलं.

"वाईन चढलीय त्याला," ग्लेनिस म्हणाली. एम्लिनचा ग्लास सगळ्यांसमोर काठोकाठ भरलेला होता.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिनं बुकिंग करताना धरलीच नव्हती. रोज नव्या जागी बसायचं म्हटलं की एम्लिन दारातच घुटमळायचा. "आपलं टेबल कुठंय?" "आज हे कोण?" आणि एकदा तर तिच्या कानाशी लागून, "आपली माणसं का येत नाहीत गं? आपण काही बोललो का त्यांना?" पूर्वीच्या सफरींतली माणसं तो शोधत होता. ती कधीच आपापल्या घरी होती. काही तर घरीही नव्हती.

पाचवी संध्याकाळ नटूनथटून जेवायला जायची. सवडीच्या दाराशी ही गर्दी. ग्लेनिस डबी घ्यायला पुढं झाली. मागं वळून पाहते तर एम्लिन नाही.

ती खोलीवर जाऊन आली. वाचनालयात पाहिलं, गाण्याच्या दालनात पाहिलं. मग वरच्या डेकवर गेली. तिथं वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. कठड्यापलीकडे समुद्र काळा पडत चालला होता. कठडा तिच्या छातीएवढा होता. एम्लिन तिच्याहून उंच. हा विचार तिनं पुरा होऊ दिला नाही.

"काही मदत हवीय का, मॅडम?" पांढऱ्या गणवेशातल्या एकानं विचारलं.

"नको. जरा हवा खायला आले."

जिन्यात दुसऱ्यानं विचारलं. त्यालाही ती नको म्हणाली. कारण हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, की म्हातारा माणूस जेवायच्या वेळी थोडा फिरला, तर त्यात एवढं घाबरायचं काय? नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि ती त्याचा शब्द राखत फिरत होती.

जिन्यातच तिची नजर घड्याळावर गेली. दुसरी पंगत बसण्याची वेळ होऊन गेली होती. ती तशीच जहाजाच्या मागच्या, ठरलेल्यांच्या भोजनगृहाकडे धावली, लांब झगा एका हातानं वर धरून.

खिडकीजवळच्या टेबलावर, याच जहाजावर पूर्वी तो नेहमी बसायचा त्याच खुर्चीत, एम्लिन मांडीवर रुमाल पसरून पावाला लोणी लावत होता. डोक्याला नसेल ठाऊक, पण पायांना रस्ता ठाऊक होता.

त्याच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या होत्या, नाकावरून सख्ख्या बहिणी. त्यांतली थोरली ग्लेनिसकडे वळली.

"हे तुमचे का? परत हवे असतील तर आधी माझा पाव भरून द्या. दोन खाल्लेत त्यांनी."

"रोना!" धाकटी म्हणाली.

"काय रोना? खाल्ले ते खाल्ले. आम्ही स्कॉटलंडच्या, डंडीच्या, बाई. मी रोना, ही एल्स्पेथ. इथलं एक जोडपं परवा सवडीवाल्यांत पळालं. माझं बोलणं सोसेना म्हणे."

"उशीर केलास, कारियाद," एम्लिन म्हणाला. घरात तो तिला याच लाडाच्या वेल्श शब्दानं हाक मारायचा. गेले पाच दिवस ती हाक आली नव्हती. "सूप निवतंय बघ."

त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा शांत होता. ग्लेनिसनं झगा सावरला. ती रिकाम्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळानं मुख्य वाढपी आला. दोन खुर्च्या रिकाम्याच आहेत, मंडळींना हव्या असतील तर सफर संपेपर्यंत त्यांच्या नावावर करतो, म्हणाला. मात्र काय ते आत्ताच सांगा.  एम्लिननं नुसता खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

ग्लेनिसनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. इकडं हा हात. तिकडं शब्द. इथं बसलं तर उद्या संध्याकाळीच या रोनाला सगळं कळणार; तिचे डोळे ग्लेनिसनं पारखले होते, ते कापडाची उलटी बाजू पाहणाऱ्या बाईचे होते. आणि नाही म्हटलं, तर उद्या पुन्हा दार, डबी, घुटमळणं. आणि तो कठडा.

"करा आमच्या नावावर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूप आलं, आणि एम्लिननं चमचा वर धरला. "ब्याऐंशीचा हिवाळा. माझी बस चढावर..."

"अहो, हे काल सांगितलंत," रोना म्हणाली.

टेबलाखाली काहीतरी हललं.

"लाथ काय मारतेस, एल्स्पेथ? काल सांगितलं ना त्यांनी?"

 ग्लेनिसनं तोंड उघडलं. वाईनचं निमित्त जिभेवर तयार होतं.

"सांगितलं असेल," एम्लिन सहज म्हणाला. "माझं डोकं चाललंय हो हळूहळू. डॉक्टरांनीच सांगितलंय." मग तो ग्लेनिसकडे वळला, जरासा चकित होऊन. "तू यांना बोलली नाहीस?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली.

"का गं? लाजायचं काय त्यात?"

तिनं त्याच्या चेहऱ्यात पाहिलं. गिऱ्हाईक खोटं बोलतंय की खरं, हे ओळखण्यात तिची हयात गेली होती. तो खोटं बोलत नव्हता. तो मोठ्या मनानं तिला मोकळंही करत नव्हता. ते सगळंच त्याच्यातून गेलं होतं: गाडी, किल्ल्या, 'शब्द दे.' इतके महिने ती ज्याची राखण करत होती, त्याचा धनी केव्हाच निघून गेला होता आणि तिला कळलंही नव्हतं.

"आमच्या आईचंही हेच झालं," रोना म्हणाली. तिचा आवाज तसाच खरखरीत होता. "रोज तेच सांगायची, आणि आम्ही ऐकायचो. तुम्ही सांगा. पण केक काल तीन मजल्यांचा होता, आज चौथा चढवू नका. मी मोजणार आहे."

एम्लिन खदखदून हसला आणि गोष्टीला लागला. एल्स्पेथनं आपला रुमाल ग्लेनिसपुढं सरकवला.

मुख्य जेवणाच्या थाळ्या उचलल्या जाईपर्यंत ग्लेनिस थांबली. मग ती त्याच्याकडे झुकली.

"उद्या मदीराच्या बंदराला लागतोय आपण. नेरिसला फोन करून सांगू का?"

"काय सांगायचं?"

"हेच. तुझं. डॉक्टर काय म्हणाले ते."

"सांग की. आपली मुलगी आहे ती. तिला नाही तर कुणाला सांगणार?" तो म्हणाला आणि पुडिंगची यादी उघडून त्यात रमला.

गाडीपाशी उभा असलेला एम्लिन नाही म्हणाला होता. त्याला सगळं कळत होतं, तो भ्याला होता, आणि सगळ्या जगात त्यानं फक्त तिच्यावर भिस्त टाकली होती. हा शेजारचा हो म्हणत होता, आणि आपण हो म्हणालो हे उद्या त्याला आठवणार नव्हतं. दोघांतल्या कुणाचं ऐकायचं? एकाचं ऐकलं की दुसऱ्याशी बेइमानी. पण पहिल्याला आता काहीच दुखणार नव्हतं. जेवायला रोज जो येणार होता, तो हा होता.

उद्या फोन करायचा, असं तिनं ठरवलं. ठरवून हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. एल्स्पेथच्या रुमालाची घडी मोडून तिनं तो तोंडाशी धरला आणि गाडीपाशी किल्ल्या देणाऱ्या त्या पहिल्या माणसासाठी, त्याच्याच शेजारी बसून, आवाज न करता रडली.

"काय घेतेस गं?" एम्लिननं विचारलं. "मला काही वाचून ठरवता येईना."

"दाखव," ती म्हणाली, आणि यादी आपल्याकडे ओढून घेतली.