मेण लावलेला सांधा

माशीवाली म्हटलं की त्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच यायची. नवरा गेला तेव्हा मागे राहिल्या त्या मधमाश्यांच्या पेट्या आणि त्या वाहून न्यायची जुनी पिकअप. पेट्या तिने पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या, पिकअपच्या वाट्याला मात्र सावत्रपणा आला. पुढची चाकं वळणावर कटकट वाजायला लागली, तेव्हा ती म्हणाली होती की म्हातारपणी सगळेच कुरकुरतात.

एके सकाळी बागवान तिच्या दारात आला. ज्याच्या बागेत तिच्या पेट्या होत्या, तोच. झाडांवर कीड पडली होती, आणि फवारणीचं यंत्र उद्या उजाडताच मिळणार होतं. ते हातचं गेलं तर हंगाम गेला. पेट्या आजच हलवा, एवढं सांगून तो मान खाली घालून परत गेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सांगायला आलाच नसता.

पण पेट्या काही मनात आलं की हलवता येत नाहीत. दिवसभर फुलांवर गेलेल्या माश्या दिवेलागणीला घरी येतात, मग त्यांची दारं लावायची आणि निघायचं. टेकडीपलीकडे बहिणीच्या शेताकडेला जागा होती. रस्ता लांबचा आणि सगळा चढउताराचा. म्हणून ती गाडी घेऊन आधी धाकट्या दिराकडे गेली.

दिराचं गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे. त्याने पुढचं चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं, तर ते दुधाच्या दातासारखं डुगडुगलं. दुसरंही तसंच. तो तिथेच उकिडवा बसला.

"वहिनी, ही इथवर आली कशी?"

"मी आणली म्हणून आली."

"दादाच्या पुण्याईने आली म्हणा."

मग त्याने तिला दाखवलं. आपल्या खांद्यात जसा गोळा आणि त्याची वाटी असते, तसा हा सांधा. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. दोन्हीकडची वाटी झिजून गेली होती. उतारावर गोळा निसटला की चाक पोटाखाली मुडपणार आणि गाडी नाकावर बसणार. तिने एकच विचारलं, संध्याकाळपर्यंत होईल का. त्याने उत्तर द्यायच्या आधी उन्हाकडे पाहिलं.

सामान मिळून काम सुरू व्हायला दुपार झाली. डावीकडचं जास्त खराब, म्हणून आधी ते. त्याने खालच्या दांड्याला जॅकचा टेका दिला. तिथे दाबून बसलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर सख्खा-परका बघत नाही. नट सैल झाला, पण सांधा काही सुटेना. गंजाने लोखंडाचं लोखंडाशी लग्नच लावलं होतं. दोन्ही हातांत दोन हातोडे घेऊन तो दोन बाजूंनी ठोकत राहिला. बऱ्याच वेळाने टणकन आवाज आला आणि जुना सांधा सुटला. बर्फात ठेवून आकसवलेला नवा सांधा त्याने दाबून बसवला. आता त्याची निमुळती दांडी चाकाकडच्या भोकात घालून नट आवळायचा, की ही बाजू झाली. मोठा पाना आणायला तो शेजारच्या दुकानात गेला.

ती दांडी तिच्यापुढे उघडीवागडी चमकत होती. पेट्यांचा प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी नवऱ्याने तिच्याकडून मेणाने माखून घेतली होती. लोखंडाला मेण दाखवलं की गंज पाठ फिरवतो, हे त्याचं बोलणं. तिने पिशवीतला मेणाचा गोळा काढला, बोटांत ऊब देऊन मऊ केला आणि दांडी मायेने माखली. भोकातही आतून बोट फिरवलं.

दीर आला, दांडी भोकात घातली, नट आवळायला लागला. नट फिरला तशी आतली दांडीही त्याच्याबरोबर फिरली. त्याने जॅक चढवून खालून दाब दिला, तरी तेच. शेवटी त्याने सांधा खाली ओढला, बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"हे काय लावलंत?"

"मेण. गंजू नये म्हणून."

त्याने रॉकेलची चिंधी उचलून बोट पुसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, याने कोरडं राहून चावून धरायचं असतं. तुम्ही याचे दातच काढलेत."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने ती चिंधी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि घासायला बसली. गरम बोटांनी लावलेलं मेण थंड लोखंडात पार रुतलं होतं. चिंधीने निघेना तेव्हा तिने नखं लावली. खांबांच्या सावल्या लांब होत रस्त्यापर्यंत गेल्या. तिकडे माश्या घरी परतत असतील, उद्या त्याच दारातून बाहेर पडतील आणि फुलांवरून खाली गळतील. हे सगळं तिच्या हातून होत होतं. पुन्हा नट आवळला, दांडीने एकदाचा चावा घेतला, तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि उजवी बाजू अजून तशीच होती. पत्र्यांखाली दिवा नव्हता, अंधारात तिला हात घालता येणार नव्हता.

"मी निघते," ती म्हणाली.

"तुम्ही नाही. मी चालवतो. बैलगाडीच्या चालीने, आणि अर्धाच भार घेऊन."

अर्धा म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. त्या चालीने दुसरी खेप उजाडायच्या आत होणार नव्हती.

बागेत पोचले तेव्हा माश्या आत गेल्या होत्या. तिने एकेक पेटी उचलून पाहिली. जड होत्या त्या भरल्या घरच्या, नवऱ्याच्या हातच्या. हलक्या होत्या त्या यंदाच्या, अजून नीट न रुळलेल्या. उजव्या चाकाला जड सोसणार नव्हतं, आणि कोंडून राहायला पुरेल एवढा मध हलक्यांपाशी नव्हता. तिने हलक्या गाडीत चढवल्या. मग दिराला म्हणाली, "तुम्ही जा, भाऊजी. मी यांच्यापाशी थांबते."

तो वाद घालायला तोंड उघडणार होता, पण तिचा चेहरा पाहून गाडीत बसला. लाल दिवा टेकडीकडे इतका सावकाश गेला की तिला तो बराच वेळ दिसत राहिला.

मागे राहिलेल्यांची दारं तिने जाळीने बंद केली. बागवानाकडून गोणपाटं मागून आणली, विहिरीच्या पाण्यात भिजवून, आत गारवा राहावा म्हणून प्रत्येकीवर अंथरली. जाळी लावल्यावर आत उकाड्याने गुदमरतील, न लावली तर बाहेर पडून मरतील. त्याला दुसरा उपाय तिच्यापाशी नव्हता.

उजाडताना यंत्र सुरू झालं. बागवानाने लांबून हात करून तिला जायला सांगितलं. तिने पदर नाकावर बांधला आणि कळशी भरून आणली. कडवट वासाचं धुकं झाडांमधून तिच्याकडे सरकत होतं. तिने पहिल्या पेटीच्या लाकडाला कान लावला. आत नुसता संताप चालला होता, भिंतीला धडका बसत होत्या. दुसरीतही तेच. तिसरीत आवाज अगदी बारीक होता. तिने त्या पेटीवर सगळी कळशी ओतली आणि परत विहिरीकडे पळाली.