कानातला मणी

घरात तिला सगळे टिटवी म्हणायचे. साडेतीन वर्षांची पोर, तोंडाला कुलूप नाही. "मामा येला." "मी काम करलं." आईच्या मशीनखालच्या चिंध्या जोडाव्यात तशी तिने आपली भाषा आपणच शिवली होती. मामाला तिचा भारी नाद. म्हणायला लावायचा, मोबाइलवर टिपायचा, मित्रांना पाठवायचा.

त्या दुपारी आईच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा झगा होता. संध्याकाळी द्यायचा, आणि गळ्यावरचे मणी अजून टाचायचेच होते. दोरा सारखा तुटत होता.

टिटवी गुडघ्याशी आली. "आई, मणी जाला."

"डब्यात गेला ना? बरं झालं."

"नाही! आत जाला!"

मामा खुर्चीतून उठलाच. "काय जाला? थांब थांब, परत म्हण." मोबाइल तिच्या तोंडापुढे.

"मणी आत जाला!"

"आणि कोण येला?"

"कोणी नाही येला!" तिने पाय आपटले. मामा पोट धरून हसला. आईलाही हसू फुटलं, आणि सुई बोटात गेली.

"दादा, पुरे आता! मला काम करू दे."

टिटवीने भोकाड पसरलं. "रडूबाई," मामा म्हणाला. मग ती गप्प झाली. फारच गप्प. आईने मान वर केली, तर पोर भिंतीशी मान वाकडी करून उभी, बोट कानात.

आईने तिचं डोकं खिडकीकडे वळवलं. कानात खोल काहीतरी निळं चमकत होतं.

झगा तसाच जमिनीवर पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बारीक आकड्याने मणी बाहेर काढला. टिटवी आईच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती.

"बराच वेळ आत होता. हिने सांगितलं नाही?"

"सांगितलं," आई म्हणाली. "पुन्हा पुन्हा सांगितलं."

"मग?"

आईने टिटवीच्या पाठीवरून हात फिरवला. मामाच बोलला, "अहो, हिचं ते 'जाला' इतकं गोड आहे ना! टिटवी, म्हण बरं डॉक्टरांना..."

"दादा, एक अक्षर बोलू नकोस!" सगळा दवाखाना वळून बघू लागला.

मामाचं तोंड एवढंसं झालं.

घरी येईपर्यंत टिटवी बोलली नाही. दाराशी मांजर आलं, तरी नाही. आईने चपला काढल्या, तिला मांडीवर घेतलं. "काय हवं माझ्या चिमणीला? बोल ना गं."

टिटवीने आधी मामाकडे पाहिलं. तो हसतोय का, ते पाहिलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी काय, राणी?"

पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. आईला तो दिसला. टिटवीने तो गिळला आणि माठाकडे नुसतं बोट दाखवलं.