खडू दे

आमचे हे शिंपी आणि मी त्यांची मापं लिहून घेणारी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या कोपऱ्यावर माझी मापवही. हे टेप लावून आकडा बोलायचे, मी लिहायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही एकमेकांशी जे काही बोललो, त्यातलं निम्मं आकड्यांतच असेल.

पोस्टमन आमचं जुनं गिऱ्हाईक. मोठ्या दुखण्यातून उठून तो आला, तेव्हा यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "छाती पस्तीस." वहीत आधीचे अडतीस होते. पोस्टमनने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "तीन इंच गेले होय?" शर्ट न्यायला तो आलाच नाही, बायकोला पाठवलं. हे त्या दिवशी धड जेवले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात आणखी एक खंगलेलं गिऱ्हाईक आलं. वहीत त्याचं जुनं माप चाळीस होतं. हे म्हणाले, "छाती चाळीस. खडू दे." पाहते तर खडू यांच्या हातातच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्याकडे न बघताच पुन्हा म्हणाले, "खडू दे गं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चाळीस लिहिले आणि खाली दोन ठिपके दिले. संध्याकाळी वही चाळताना त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

तेव्हापासून तीच रीत पडली. खडू मागितला की एक इंच कमी, ठिपका आकड्याखाली. कात्री मागितली की एक इंच जास्त, ठिपका वर. कारण पोट सुटलेली माणसंही काही कमी हळवी नसतात. एकदा हेडमास्तरांचं माप घेताना यांना दोरा कापायला खरोखरच कात्री हवी होती. दोनदा मागितली, मी दोन ठिपके ठोकून मोकळी. त्या शर्टात हेडमास्तरांबरोबर आणखी एक शिक्षक मावला असता. यांनी माझ्यावर डोळे वटारले. मी म्हटलं, "मग दातांनी तोडायचा होता दोरा."

किती हसायचो आम्ही त्यावरून. ते दिवस आठवले की अजून वाटतं, हे आता हाक मारतील आणि मी वही उघडेन.

चाळीस वर्षांनी एका हिवाळ्यात यांचं जेवण तुटलं. डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं की फार दिवस नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना कळू द्यायचं नाही. ते हाय खातील." मी मान डोलावली. खरं तर मला बरंच वाटलं, कारण सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मग मी रोज काहीबाही बोलत राहिले. हवाच वाईट आहे म्हणे, या दिवसांत सगळ्यांचीच भूक मरते म्हणे. हे "हो ना" म्हणायचे. इतकं खोटं मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते.

असा महिना गेला. पाच वर्षांत न आलेली लेक आता भेटायला येणार होती. हे म्हणाले, "तिच्यासमोर नवा शर्ट घालून बसतो. माप तू घे, मी लिहितो."

टेबलाशी ते पेन घेऊन उभे राहिले. मी पाठीमागून टेप फिरवून पुढे आणला. टेप चौतीस सांगत होता. यांचं नेहमीचं माप मला तोंडपाठ.

"छाती अडतीस," मी म्हणाले. आवाज नीट निघाला म्हणून सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात सवयीने तोंडातून गेलं, "खडू द्या."

खडू माझ्याच हातात होता. महिनाभर जपलेलं मी एका क्षणात घालवलं होतं.

यांनी वाकून अडतीसच्या खाली एक ठिपका दिला. पेन तिथेच ठेवून म्हणाले, "माग की पुढे. ढगळ शर्टात लेकीला भेटायचं नाही मला."

मी आणखी तीनदा खडू मागितला. दर वेळी यांनी आकड्याखाली ठिपका दिला.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तू हवेला नावं ठेवायला लागलीस तेव्हापासून."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. त्यांनी रडू दिलं. महिनाभर आम्ही दोघं एका घरात एकेकटे घाबरत होतो, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग त्यांनी माझ्या हातातला टेप सरळ केला आणि हात लांब करून म्हणाले, "बाही राहिली."

मी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. दोनदा लावून पाहिला; आकडा जुनाच होता.

"बाही चोवीस," मी म्हणाले.

त्यांनी पेन उचलून वाट पाहिली. मी काहीच मागितलं नाही, तेव्हा त्यांनी चोवीस लिहिले.