सहा बोटांची ओल

मी एक जुनी मातीची भिंत आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. या घरात मी दोनदा जन्मले; त्याआधीचं मी शपथेवर सांगत नाही.

घरामागे कुणा अनोळखी माणसांच्या पडक्या घराचा उंचवटा होता. तिथलीच माती खणून एका कुटुंबाने मला उभं केलं. बांधकामातली जाण होती ती आत्याला. चिमूटभर माती चोळून ती म्हणाली, "दादा, ही एकदा भिंत होऊन गेलेली माती आहे. हिला शिकवावं लागायचं नाही."

बाबा, आई, आत्या आणि लेक पिटुकली, चौघांनी मला पेंढा घालून तुडवलं.

"अगं, नाचू नकोस, तुडव!"

"तुडवतेच आहे, आई. चिखलच नाचतोय!"

हातभर थर चढवायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. अशी मी छताला टेकले. सगळ्यांनी वाखाणलं. एक शेजारी तेवढा म्हणाला, "घर चिखलाचं, मग दार कशाचं? पानाचं?"

बाबांना ते झोंबलं. आत्या परगावी जाताच त्यांनी मला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. पक्की करायला! जमिनीतून चढणारी ओल मी आजवर उन्हावाऱ्याला देऊन टाकत होते. आता ती पोटातच साठली. माझा पाया मऊ पडला. आणि पिटुकली रोज दुपारी मलाच पाठ टेकून अभ्यासाला बसायची. भिंतीला कान असतात म्हणे. तोंड कुणी दिलंय?

मग माझ्या आतल्या अंगावर, तिच्या खांद्यापाशी, एक डाग उमटला. ओला, तळहाताएवढा, बोटांसकट. बाबांनी पुसला. दुसऱ्या दिवशी तो वीतभर दाराकडे उमटला.

आत्या परतली तेव्हा पिटुकली म्हणाली, "आत्या, हा हात सरकतोय."

"ओल आहे ती," बाबा खेकसले. "ओलीला काय पाय फुटतात?"

"पाय नाहीत रे दादा, बोटं फुटलीत. मोज. सहा आहेत." आत्याने गिलाव्यावर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. तिचा चेहरा उतरला. "हे कुणी केलं?"

तोवर हात चौकटीला भिडला होता. पिटुकली त्यावर आपला हात ठेवायला दारापाशी गेली, आणि मला उभं राहवेना. ती बसायची त्याच जागी मी कोसळले.

धूळ बसल्यावर बाबांनी आधी लेकीला पोटाशी धरलं. मग स्वतः सिमेंटचे तुकडे वेचून फेकले, तीच माती भिजवली आणि मला पुन्हा उभारलं. फक्त मातीची.

तो हात माझा नव्हता, मित्रांनो. मला तर पाचसुद्धा बोटं नाहीत. माझ्या मातीला आधी कुणाकुणाचे हात लागलेत, ते मातीलाच ठाऊक.

तेव्हा आम्हा भिंतींना मोकळा श्वास घेऊ द्या. ओल दिसली तर रंग फासू नका, तळहात टेकून बघा. आणि आतूनही कुणी तळहात टेकला, तर घाबरून हात काढू नका. तो कुठे न्यायला बघतोय ते आधी पाहा, आणि मुकाट्याने तिकडे चालू लागा.