बाइंडिंगला गेलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, तळहाताएवढी. माझ्यात तीन रकाने: तारीख, रक्ताचा आकडा आणि गोळी किती घ्यायची ते. पसारा एवढाच, पण तोरा मोठा होता.

ज्या बाईंची मी, त्यांचं बाळ तेव्हा वीस दिवसांचं होतं. डोकं असह्य दुखू लागलं म्हणून त्यांना रुग्णालयात आणलं. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी निघाली. आधी इंजेक्शनं झाली. मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न आला.

"नवी गोळी देऊ या. सारखं रक्त तपासायची कटकट नाही," मेंदूचे डॉक्टर म्हणाले.

"अहो, त्या बाळाला पाजतायत!" रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवी गोळी दुधात किती उतरते, नीट माहीत नाही. जुनीच देऊ. तपासण्या मात्र चुकवून चालणार नाहीत."

अशी माझी नेमणूक झाली. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर पुन्हा गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. दर खेपेला तो बघून गोळी कमीजास्त व्हायची. "वहीशिवाय यायचं नाही हं," नर्सबाई बजावायच्या, आणि मी फुलून जायचे.

हाताळून हाताळून माझी शिवण सुटली. बाईंचा नवरा बाइंडर. "असली लक्तरं डॉक्टरांपुढे न्यायची? पक्की बांधून देतो," म्हणत त्याने मला दुकानात नेलं. माणूस मायाळू, पण गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं मागे. बाईंनी दोनदा विचारलं.

"घरचंच तर काम आहे, देतो की उद्या!"

माझ्यातली तारीख टळून गेली. वहीशिवाय जायचं कसं, म्हणून बाई थांबल्या आणि गोळ्या जुन्याच मापाने घेत राहिल्या. मी लाकडी ठोकळ्याखाली पडून होते. सगळं कळत होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

मी दुकानात आल्यापासून सहाव्या आठवड्यात बाईंना पुन्हा गुठळी झाली. आकडा दीडच्याही खाली निघाला. बाई वाचल्या, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलं.

त्यानंतर नवऱ्याने मला निळ्या कापडात बांधलं. इतकं सुरेख काम त्याने कधीच केलं नव्हतं. बांधताना तो रडत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी वही असेल, तर तिची पानं खुशाल सुटू देत, डाग पडू देत. तारीख तेवढी चुकवू नका. आमचं बाळ आता चालतं. डावीकडून आईकडे धावत येतं, दोन्ही हात पुढे करून उभं राहतं, आणि बाई त्याला उजवीकडे शोधत राहतात.