चौथ्या पायरीवर

छपाईयंत्रातून कागद येतच होते.

"ताई, ट्रे रिकामा झाला. थांबवू का?" शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारले.

"नको, नवे कागद घाला. अख्खी यादी हवीय त्यांना."

त्यांना म्हणजे तपासणीवाल्यांना. मुलांच्या रुग्णालयाचा संगणक विभाग ती तेरा वर्षे सांभाळत होती आणि दरवर्षी न चुकता एक यादी पाठवत होती. जगातल्या कोणी कोणी लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेले जे तयार कोड रुग्णालयाच्या कामाला घेतले होते, त्यांची ती यादी. अशी बासष्ट नावे होती. पण ते कोड आणखी दुसऱ्यांच्या कोडवर उभे असत आणि ते दुसरे तिसऱ्यांच्या. आपण बासष्ट पाहुण्यांना बोलवावे, आणि त्यांनी बरोबर कोणाकोणाला आणले ते कधी मोजूच नये, तसा आजवरचा कारभार. यंदा नवा नियम आला, सगळे मोजा. मोजले तर अकराशे चाळीस निघाले.

ती बोट फिरवत वाचू लागली. ज्याने ज्याला आणले, त्याच्याखाली एक पायरी आत सरकवून ते नाव छापलेले होते. सातव्या पानावर चौथ्या पायरीशी बोट थांबले.

चिंगी.

घरात तिला चिंगी म्हणत. आणि पुढे लिहिणाऱ्याचे नाव होते ते दादाचे.

तिने ते सातवे पान वेगळे काढून ठेवले.

बारा वर्षांपूर्वी आई, बाबा, दादा आणि ती असे चौघे जेवायला बसले होते. नोकरी लागून तिला जेमतेम वर्ष झाले होते. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. दोन वर्षे खोलीत बसून कोड लिहीत होता आणि लिहिलेले जगाला वाटून टाकत होता. जन्मतारखेवरून माणसाचे वय काढायचे, वर्षे, महिने, दिवस अगदी बिनचूक, एवढेच त्या कोडचे काम. बाबांचा पारा चढला होता.

"जगाची फुकट हमाली चाललीय! कोण वापरतं रे तुझं हे? एकाचं नाव सांग."

"वापरतात बाबा. कोणाकोणाच्या पोटात जातं ते दिसत नाही एवढंच." मग तो तिच्याकडे वळला. "चिंगे, तुमच्याकडेही असेल. उद्या बघशील?"

"असलं तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही," बाबा म्हणाले. "नसलं तर एक तारखेपासून चष्म्याच्या दुकानात जायचं. मी बोलून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी तिने यादी पाहिली. तीच, बासष्टांची. यादी म्हणजे एवढीच, असे तिला शिकवलेले. रात्रीच्या जेवणाची वाट न बघता तिने दारातूनच सांगून टाकले, "नाहीये रे दादा."

"नीट बघितलंस ना?"

"दोनदा."

किती ठसक्यात म्हणाली होती ती! बाबांनी समोरच ऐकले. एक तारखेला दादा दुकानात गेला.

संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावले. "ही चिंगी कोण हो? अकरा वर्षांहून जास्त कोणाचा हात लागलेला नाही तिला. बेवारस कोड तपासणीत चालत नाही. दोन महिन्यांत काढून टाका."

"हो," ती म्हणाली. बेवारस नाही, हे शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले.

ती तडक चष्म्याच्या दुकानात गेली. दादा मागच्या बाजूला काच घासत होता. कानांवरचे केस पांढरे झालेले. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली होती. दोघांची गाठ सणवारापुरतीच उरली होती.

"काय गं, चष्मा लागला की काय?"

तिने सातवे पान त्याच्यापुढे धरले. त्याने ते लांब धरून वाचले आणि नुसते "हं" म्हटले.

"दादा, होतं रे. तेव्हापण होतं. मी वरवरची यादी बघितली."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"दुकानात लागून महिना झाला असेल. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या बाळाचं वय एक दिवस कमी दिसतंय, अशी तक्रार आली माझ्याकडे. चार हात फिरून आली होती. खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं. तुझं."

तिला आठवले. औषधाचा डोस वयावर ठरायचा, म्हणून ती घाबरली होती. तक्रार केली तशी चारच दिवसांत दुरुस्ती आली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

"तू दुरुस्त केलंस?"

"एक दिवस सुट्टी काढली. पहिल्याच महिन्यात सुट्टी म्हणून मालक केवढे करवादले!" तो हसला.

"अरे मग सांगायचंस ना! मला, बाबांना…"

"बाबांपुढे तू दोनदा बघितलं म्हणालीस. तुला खोटी पाडून काय मिळवणार होतो?" त्याने काच दिव्याकडे धरून पाहिली. "आणि म्हटलं, बघशील कधीतरी."

ती म्हणाली, "साहेब काढून टाका म्हणतायत. मी भांडते त्यांच्याशी. तू पुन्हा बघायला लाग."

"छे गं. आता मला त्यातलं काही येत नाही. न बघणाऱ्या माणसाच्या भरवशावर लेकरांची औषधं ठेवू नका. काढा." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण घाई नको. दुसरं जे घ्याल ना, त्याला आधी एकोणतीस फेब्रुवारीचं बाळ देऊन बघा. तिथेच चुकतात सगळे."

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा न्यायला आले. दादाने त्यांना खुर्चीत बसवून चष्मा चढवला.

"ह्या कोण?" त्यांनी विचारले.

"माझी धाकटी बहीण. मुलांच्या रुग्णालयात मोठ्या हुद्द्यावर आहे."

"वा!"

"आजोबा," ती एकदम म्हणाली. आवाज तिने मुद्दाम चढा ठेवला. "आमच्या रुग्णालयात एकेका लेकराचं वय माझा भाऊ मोजतो. बारा वर्षं झाली. प्रत्येकाचं."

"हो का?" म्हातारबांनी मान हलवली, आणि दादाकडे वळून म्हणाले, "इथं डाव्या कानामागं जरा टोचतंय बघा."

दादाने चष्मा अलगद काढून घेतला, दांडी गरम केली आणि खाली मान घालून ती हळूहळू वाकवू लागला.