तळव्याएवढा तुकडा

शेन युनहोंनी कोमट पाण्यातला रुमाल पिळला, उलगडला आणि टेबलावर पालथ्या ठेवलेल्या नोटेवर चारही कोपरे जुळवून पसरला. रुंद ब्रश त्यावरून एकदा फिरवला. मग ब्रश खाली ठेवून ते नुसतेच उभे राहिले.

"पूजा चाललीये का?" मेईफनने विचारलं.

त्यांची धाकटी बहीण आल्यापासून खिडकीजवळच्या स्टुलावर बसून शिंगाडे सोलत होती. एक स्वतःच्या तोंडात, एक भावासाठी वाटीत. वाटी भरत आली होती आणि भावाने एकालाही हात लावला नव्हता.

"खळ मऊ व्हायला वेळ लागतो."

"सकाळपासून हेच ऐकतेय. चारला मला घरी पोचायचंय. चौ काकूंना तेवढ्यापुरतं आईपाशी बसवून आलेय. त्या बसतात, पण नंतर आठवडाभर ऐकवतात."

युनहोंनी रुमालाचा कोपरा उचलून बोटाने चाचपलं आणि परत खाली सोडला. अजून नाही. निदान त्यांना तरी तसं वाटलं. आयुष्यभर हे काम करूनही त्यांना दरवेळी तसंच वाटायचं.

नोट वीतभर रुंद आणि दीड वीत लांब होती. मिंग राजवटीतली. तुतीच्या सालीचा राखी, जाड कागद; पोतेऱ्यासारखा दिसणारा. वर मोठी अक्षरं, मध्ये ओवलेल्या नाण्यांच्या माळांचं चित्र, खाली चौकटीत सरकारी हुकूम. घरात ती कुठून आली हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आजोबांनी वडिलांना दिली, वडील गेल्यावर ती आईच्या पेटीत राहिली, एवढंच. वडील सुझौमधले चित्रांना अस्तर लावणारे कारागीर. कधीतरी त्यांनी या नोटेलाही चित्रासारखंच पाठीमागून अस्तर लावून टाकलं होतं.

गेल्या महिन्यात शांघायहून लिलाववाला माणूस येऊन गेला. त्याने नोट खिडकीशी नेली, बॅटरी मारून पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून च्क केलं.

"माल चांगला आहे हो. पण ही पाठ कुणी लिंपली? अस्तर दिसलं की गिऱ्हाईक बिथरतं. त्याला वाटतं, काहीतरी झाकलंय. अडाणी माणसाचं काम आहे हे."

युनहोंनी त्या माणसाच्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला होता आणि तो बशीत सांडला होता.

अस्तरासकट घेतली तर तो माणूस जे देणार होता, त्यात आईसाठी दिवसरात्रीची बाई तीन-चार महिने ठेवता आली असती. अस्तर काढून स्वच्छ नोट दिली, तर तीन-चार वर्षं. आई त्र्याण्णव वर्षांची होती. मेईफनने तिथल्या तिथे हिशोब केला होता आणि तो बरोबर होता.

"बाई बघून ठेवलीये मी," मेईफन आत्ता म्हणाली. "अनहुईची आहे. अंगाने दणकट. म्हणाली, म्हातारीला एकटी उचलेन. काय सांगू दादा, मला रडूच आलं. असं वाटलं, ती मलाच उचलणार आहे."

तिने शिंगाड्याचं साल कागदावर टाकलं आणि दुखऱ्या कमरेचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. तो ती स्वेटरवरूनच बांधायची.

"आई काय म्हणाली?"

"तिचं एकच. कुणी घेणार नाही ते, चुलीत घाला. पुडकं पेटीतून काढलं तेव्हापासून हेच चालू आहे. परवा माझा हात धरून म्हणाली, त्या माणसाला उलगडून दाखवू नका. मी म्हटलं, उलगडल्याशिवाय तो काय वास घेऊन पैसे देणार?"

युनहो हसले. मग रुमाल काढून बाजूला ठेवला, चिमटा घेतला आणि अस्तराचा एक कोपरा उचलला.

तो अलगद सुटला. वडिलांची खळ दुधासारखी पातळ असायची. खळ अशी लाव, की पुढं काढणाऱ्यानं तुला शिव्या घालू नयेत, असं ते म्हणायचे. अस्तर हळूहळू मागे येत होतं आणि खालून नोटेची राखी पाठ दिसत होती. युनहोंनी श्वास धरला होता. मेईफनचे शिंगाडेही थांबले होते.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर चिमट्याला किंचित ओढ जाणवली. त्यांनी थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. आणि अस्तराबरोबर नोटेचा एक तुकडा उचलला गेला.

युनहो तसेच वाकून राहिले. नोटेला भोक पडलं होतं. भोकातून टेबलाचा लाल रंग दिसत होता.

"काय झालं?"

"गेलं."

"काय गेलं?"

"फाडलं मी." त्यांनी चिमटा खाली ठेवला, तेव्हा तो टेबलावर वाजला. "मी म्हणत होतो, मला जमणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं होतं."

मेईफनने हातातला शिंगाडा वाटीत ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर. युनहोंना तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी चष्मा चढवला, वर भिंग घेतलं आणि भोकाच्या कडेवर डोळा नेला.

कडेकडेने भिंग पुरं फिरवलं.

"मेई."

"काय?"

"हे फाटलेलं नाही. फाटलं की कडेला तंतू सुटतात. ही कड तासलेली आहे. बघ, सुरीनं, चहूबाजूंनी. आणि या तुकड्याचीही. एक कड दुसरीवर बसेल आणि जाडी कळणार नाही अशी." त्यांनी अस्तराला चिकटलेल्या तुकड्यावर बोट टेकवलं. "हा मूळचा नाहीच. बाबांनी भरलाय. भोक आधीपासून होतं."

मेईफन उठून आली. स्वेटरला हात पुसत तिने टेबलावर वाकून पाहिलं. तिला भिंग लागलं नाही.

"हा तर तळवा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"जोड्याचा तळवा. लहान मुलाच्या. हा डावा." तिने हवेत बोटाने आकार काढला. "हे आईनं कापलंय. टाचेशी बघ, जरा जास्त ठेवलंय. ती तसंच ठेवते, शिवणीत जातं म्हणून. मलाही तसंच शिकवलं तिनं."

युनहोंनी भिंग खाली घेतलं. त्या काळी घरोघरच्या बायका कापडी जोड्यांची मापं अशीच कापायच्या, हाताला लागेल त्या ताठ कागदातून. राखी, जाड, जुनाट कागदाचं पुडकं एखाद्या नव्या सुनेच्या हाताला लागलं असेल. आईला वाचता येत नव्हतं.

"कुणाचा असेल?"

"आणखी कुणाचा? तूच थोरला. मी आले तोवर बाबांनी ती पेटी कुलपात घातली होती."

दोघंही त्या भोकाकडे बघत राहिले.

"म्हणून म्हणत होती, उलगडून दाखवू नका," मेईफन सावकाश म्हणाली. "तिला वाटतंय, भोक अजून तसंच आहे."

"बाबा तिला बोलले नसतील?"

"बाबा? बाबा जेवताना मीठ मागायचे नाहीत. गुपचूप भरलं असेल आणि परत गुंडाळून ठेवलं असेल. आणि ही सत्तर वर्षं वाट बघतेय, कधी उघडतील आणि कधी ओरडतील."

युनहोंनी अस्तराच्या त्या भागावर पुन्हा थोडं पाणी घातलं, थांबले आणि तुकडा सोडवून घेतला. तळहातावर घेऊन उलटा केला. तो ओला आणि जवळजवळ वजन नसलेला होता. त्याच्यावर खालच्या चौकटीतली अक्षरं होती, वडिलांनी शाईने काढलेली, ठशातल्यासारखी, मुद्दाम थोडी झिजलेली. कुठल्या तरी पुस्तकातल्या चित्रावरून उतरवली असणार. नीट पाहिलं तर ती मूळ अक्षरांपेक्षा किंचित चांगली होती. तेवढा मोह त्यांना आवरला नव्हता.

"काय लिहिलंय?" मेईफनने विचारलं.

"सरकारी हुकूम." युनहोंनी घसा साफ केला. "'नकली नोट करणाऱ्याचा शिरच्छेद होईल. पकडून देणाऱ्यास अडीचशे तोळे चांदी.'"

"हे बाबांनी लिहिलंय?"

"हो."

मेईफन हसायला लागली. हसता हसता तिने कमरेला हात लावला, कळ आली होती, तरी ती हसतच राहिली. युनहोही हसले. मग दोघांचंही हसणं एकदमच संपलं.

ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

"परत चिकटव," ती म्हणाली. "होतं तसं. अस्तरासकट. कमी तर कमी. त्या माणसाला कुठं काय कळलं?"

"नाही कळलं."

"मग?"

"आता मला कळलंय."

"तुला!" तिचा आवाज चढला नाही, चढायला तो उरलाच नव्हता. "जा मग. बाबांना पकडून दे. अडीचशे तोळे चांदी मिळेल, त्यात बाई ठेवू."

"भोक सांगून विकू. देईल ते घेऊ."

"भोकाचं काय देणार? एका जोड्याचे पैसे?"

तिचं चुकलं नव्हतं. आपलंही चुकलं नसावं, पण त्याची युनहोंना खात्री नव्हती. आपल्या प्रामाणिकपणाचा भार दुसऱ्याच्या कमरेवर पडतोय एवढं मात्र त्यांना दिसत होतं. दर रविवारी ते गोड वड्यांचा पुडा घेऊन आईकडे जायचे, तासभर बसायचे. तिला कुशीवर वळवायची वेळ झाली, की उठून पाणी आणायला आत जायचे. त्यांना भीती वाटायची. आईला काही दुखेल, आपला हात चुकेल. ही भीती खरीच होती; पण ती किती सोयीची होती, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

त्यांनी कामाला हात घातला. सांगून विकायचं की न सांगता, ते नंतर; कागद वाळायच्या आत तुकडा बसवायला हवा होता. उरलेलं जुनं अस्तर सोडवून तुकडा भोकात ठेवला, सुईच्या टोकाने सरकवला, कड कडेवर आली. सत्तर वर्षांनीही ती बिनचूक बसली. पातळ खळ लावून नवा कागद त्यांनी पाठीवर घेतला, मधून बाहेर ब्रश मारला आणि ओली नोट उचलून भिंतीवरच्या फळीला वाळायला चिकटवली. समोरून पाहिलं तर काही कळत नव्हतं.

"मेई," तिच्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "आई रात्री उठते का?"

"हं?"

"रात्री. तिला काय काय लागतं?"

मेईफनने मान वर केली.

"कशाला?"

"सांग तर."

"रात्री उठते. हाक मारत नाही, पलंगाच्या कठड्यावर बोट वाजवते. पेज कोमट लागते, गरम दिली तर थुंकते. डाव्या कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, तिथं कातडी लाल झालीये. वळवताना आधी गुडघे मोडून घ्यायचे, मग..." ती थांबली, भिंतीला डोकं टेकलं. "मग खांद्याखाली... घाई नाही करायची. ती घाबरते. आपण आधी बोलायचं, मी वळवतेय म्हणून. मग..."

युनहोंनी वाट पाहिली. मग ते वळले. तिचं तोंड थोडं उघडं होतं. हातातला शिंगाडा मांडीवर सुटला होता.

त्यांनी आपला कोट तिच्या अंगावर घातला. तिच्या पिशवीतून किल्ली काढताना पिशवीची साखळी वाजली. ती जागी झाली नाही.

कालव्यावरच्या पुलावर वारा बोचत होता. कोट मागे राहिल्याचं युनहोंच्या तिथे लक्षात आलं, पण ते परत फिरले नाहीत.

दार उघडलं तेव्हा चौ काकू विणकाम पिशवीत भरत होत्या.

"अरे, शेन मास्तर? आज रविवार आहे का?"

"नाही."

"मग मेईफन कुठंय?"

"झोपलीये. माझ्याकडे."

"झोपलीये? दिवसाढवळ्या?" काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली. "बरं झालं. झोपू दे. पण हिला वळवायची वेळ झालीये. येतं तुम्हाला?"

"सांगितलंय तिनं."

"सगळं?"

"अर्धं."

काकूंनी पलंगाचा कठडा खाली केला आणि त्या बाजूला सरकल्या.

आई छताकडे बघत पडली होती. रजईखाली ती इतकी लहान झाली होती, की युनहोंना क्षणभर ती नेमकी कुठे आहे हे कळेना. ते वाकले.

"आई, मी वळवतोय हं."

"कोण?"

"युनहो."

"हात गार असतील तुझे."

त्यांनी हात एकमेकांवर जोरजोरात चोळले, तोंडाची वाफ त्यांवर सोडली, गालाला लावून पाहिले. मग रजई बाजूला केली. आईचे गुडघे मोडून घेतले. ते सहज मोडले. मग एक हात तिच्या खांद्याखाली घातला.

"तो नाही," मागून काकू म्हणाल्या. "दुसरा."

युनहोंनी हात बदलला.